लखोट्याआधी आणि लखोट्यानंतर

सुरत आणि पुणे या दोन महापालिका एकाच कायद्याखाली चालतात, हे दोन्ही शहरांतल्या फारशा लोकांच्या ध्यानात नसते. मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम हा १९४९चा कायदा मुळात पुणे आणि अहमदाबाद डोळ्यांसमोर ठेवून केलेला. सुरतेची नगरपालिका १८५२ची. ती १९६६ साली महापालिका झाली तेव्हा गुजरात वेगळे होऊन सहा वर्षे लोटली होती, तरी कायदा जुनाच राहिला. पुढे दोन्ही राज्यांनी त्याच्या नावातली ‘मुंबई’ काढून आपापले नाव घातले आणि दुरुस्त्याही आपापल्या केल्या. सांगाडा मात्र हलला नाही. सुरत महापालिकेचे मुख्यालय शहाजहानच्या काळात, १६४४मध्ये बांधलेल्या मुघलसराईत आहे. तिथला उपअभियंता खरेदीची टिप्पणी लिहायला बसतो तेव्हा तो ज्या कलमांचे आकडे टाकतो, तेच आकडे पुण्यात, नाशकात, कोल्हापुरातही टाकले जातात. म्हणून सुरतेच्या खरेदीचा आढावा घेताना मराठी वाचकाला परक्या गावात गेल्यासारखे वाटायचे कारण नाही.

कायदा काय सांगतो ते थोडक्यात असे. करार करण्याचा अधिकार आयुक्ताचा. ठरावीक रकमेच्या वरच्या कराराला कलम ७३नुसार स्थायी समितीची मान्यता लागते. सोबत जोडलेल्या अनुसूचीचे पाचवे प्रकरण निविदांचे. करार करण्याआधी किमान सात दिवस स्थानिक वृत्तपत्रांत जाहिरात द्यायची आणि निविदा मागवायच्या. आलेल्यांपैकी कोणतीही स्वीकारायला आयुक्त बांधील नाही. सगळी परिस्थिती पाहता जी सर्वांत फायद्याची वाटेल ती त्याने घ्यावी. नगरसेवकाचा एखाद्या करारात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध निघाला तर कलम १०नुसार त्याचे पद जाते.

यातले ‘सर्वांत फायद्याची’ हे शब्द पुन्हा वाचावेत. सर्वांत कमी दराची निविदा घ्या, असे हा कायदा म्हणत नाही. तरी महापालिकेच्या कोणत्याही खात्यात जाऊन विचारले तर उत्तर एकच मिळेल: एल-वन. ज्याचा दर कमी त्याला काम. कायद्यात नसलेला हा नियम व्यवहारात एवढा पक्का झाला, याचे कारण लेखापरीक्षण. दुसऱ्या क्रमांकाची निविदा जास्त फायद्याची का, हे अधिकाऱ्याने लिहिले की त्या लिखाणाची उत्तरे त्याला चार-पाच वर्षांनी, बदली होऊन भलत्याच खात्यात बसलेला असताना द्यावी लागतात. कमी दर घेतला तर कोणी काही विचारत नाही. विचारलेच तर ते रस्ता उखडल्यावर, आणि ते कंत्राटदाराला.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. आपल्याकडचे खरेदीचे नियम लखोटा उघडण्याच्या घटकेभोवती फार घट्ट विणलेले आहेत आणि ती घटका आता बऱ्यापैकी स्वच्छ झाली आहे. खरेदी ठरते तिच्या आधी, म्हणजे अटी आणि अंदाजपत्रक लिहिताना. बिघडते तिच्या नंतर, म्हणजे मुदतवाढ आणि जादा कामे देताना. या दोन टोकांना नियमांचे विणकाम सैल आहे.

मधली घटका स्वच्छ झाली ती संगणकामुळे. जुन्या मंडळींना निविदा पेटीचे दिवस आठवत असतील. कोरा अर्ज विकणारा कारकून नेमका त्या दिवशी रजेवर असायचा, पेटीपाशी चार दांडगे उभे असायचे आणि बाहेरगावच्या माणसाला ‘चहा घेऊन जा’ म्हणून परत पाठवले जायचे. गुजरातने ई-निविदा लवकर स्वीकारली. गुजरात नर्मदा व्हॅली फर्टिलायझर्स या खत कंपनीचा एन-कोड हा विभाग एन-प्रोक्योर नावाचे संकेतस्थळ चालवतो आणि सुरत महापालिकेच्या निविदा त्यावर निघतात. खत कंपनीने निविदांचे संगणक सांभाळावेत हे ऐकायला गमतीचे आहे, पण काम झाले आहे. महाराष्ट्रात हेच काम महाटेंडर्सवर होते. बयाणा रक्कम ऑनलाइन भरायची, पहिल्या लखोट्यात पात्रतेची कागदपत्रे, दुसऱ्यात दर. पहिला पार केल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही. केंद्राच्या २०१७च्या सामान्य वित्तीय नियमांत बयाणा अंदाजित किमतीच्या २ ते ५ टक्के सांगितला आहे. हे नियम महापालिकेला थेट बांधत नाहीत, पण निविदेचे मसुदे लिहिणारे त्यांच्याकडे बघूनच लिहितात.

निविदेशिवाय खरेदी करायची दारेही कायद्यात आहेत आणि ती असायलाच हवीत. पाचव्या प्रकरणातल्या नियम दोनच्या पोटनियम दोननुसार स्थायी समिती कारणे नोंदवून आयुक्ताला निविदा न मागवता करार करू देते. पुण्याच्या बातम्यांत ‘पाच-दोन-दोन’ म्हणून जे येते ते हेच. दुसरे दार कलम ६७(३)(क)चे. अचानक संकट आले तर आयुक्ताने तत्काळ कारवाई करावी आणि स्थायी समितीला ताबडतोब कळवावे. गुजरातच्या बातम्यांत त्याला ‘सदुसष्ट तीन सी’ म्हणतात. सुरतेला असे दार का लागते हे वेगळे सांगायला नको. सप्टेंबर १९९४मध्ये प्लेगने शहर रिकामे केले. ऑगस्ट २००६मध्ये उकाई धरणाचे पाणी सोडल्यावर तापी शहरात शिरली आणि बहुतेक सुरत पाण्याखाली गेले. औषधे, पंप, पाण्याचे टँकर, गाळ उपसायची यंत्रे घ्यायला अशा वेळी कोणी सात दिवसांची जाहिरात देत बसत नाही. प्लेगनंतर १९९५मध्ये आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी विभागीय अधिकाऱ्यांच्या हाती निर्णयाचे आणि खर्चाचे अधिकार दिले. पुढे सुरत स्वच्छतेसाठी ओळखली गेली आणि २०२३च्या स्वच्छ सर्वेक्षणात तिने इंदूरसोबत पहिला क्रमांक घेतला, त्याची पायाभरणी या विकेंद्रीकरणात होती असे मला वाटते. मुख्यालयात धूळ खात पडलेली खरेदीची फाइल हीदेखील एक प्रकारची उधळपट्टीच असते.

अडचण होते ती संकट ओसरल्यावरही दार उघडे राहिले तर. आणि काही वेळा दाराचा प्रश्नच उरत नाही, कारण भिंतच नसते. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी मोरबीचा झुलता पूल तुटून १३५ माणसे गेली. त्याच्या दुरुस्तीचे आणि चालवण्याचे काम मोरबी नगरपालिकेने घड्याळे बनवणाऱ्या उद्योगसमूहाला दिले होते. सुमारे पंधरा दिवसांनी गुजरात उच्च न्यायालयाने विचारले की एवढे महत्त्वाचे काम निविदा न काढता कसे दिले आणि करार दीड पानात कसा उरकला. निविदा काढली असती तर पूल वाचला असता असे छातीठोक म्हणता येणार नाही. पण निविदा काढायची तर कामाचे वर्णन लिहावे लागते, पात्रतेच्या अटी लिहाव्या लागतात, कोणता दाखला कोणी द्यायचा हे ठरवावे लागते. दीड पानात हे मावत नाही. स्पर्धेने भाव उतरतो हे सगळे सांगतात. स्पर्धेमुळे खरेदीदाराला आपल्याला काय हवे ते आधी कागदावर मांडावे लागते, हा फायदा मला त्याहून मोठा वाटतो.

मुंबईचे उदाहरण वेगळ्या मापाचे. मुंबईला १८८८चा स्वतंत्र कायदा आहे. मार्च २०२३मध्ये विधानसभेत मांडलेल्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या विशेष अहवालात नऊ खात्यांचे सुमारे १२,००० कोटींचे व्यवहार तपासले होते. दोन खात्यांत २१४.४८ कोटींची २० कामे निविदा न मागवता दिलेली आढळली. बातम्यांचे मथळे त्यावर झाले. मला त्याच अहवालातला दुसरा आकडा जास्त बोलका वाटला: ४,७५५.९४ कोटींच्या ६४ कामांत महापालिका आणि कंत्राटदार यांच्यात करारनामाच झालेला नव्हता. म्हणजे स्पर्धा झाली, लखोटे उघडले, दर ठरले, आणि ज्या कागदावर बोट ठेवून उद्या जाब विचारायचा तो कागदच तयार केला नाही.

आता पहिल्या टोकाकडे, अटींकडे येऊ. निविदेतली अट ही सुरीसारखी दोन्ही बाजूंनी चालते. ढिली ठेवली तर ज्याने आयुष्यात गटार बांधले नाही तो शुद्धीकरण केंद्र बांधायला येतो. आवळली तर गावात एकच माणूस पात्र ठरतो आणि तो कोण हे सगळ्यांना आधीच ठाऊक असते. ‘मागील तीन वर्षांत याच शहरात असे काम केलेले असावे’, ‘स्वतःचा डांबर प्रकल्प इतक्या किलोमीटरच्या आत असावा’ या अटी वाचणाऱ्याला निविदा कोणासाठी लिहिली ते सहज कळते. निविदापूर्व बैठक यासाठीच असते. तिथे इच्छुकांनी आक्षेप घ्यावेत आणि शुद्धिपत्रक निघावे. प्रत्यक्षात या बैठकीत शुकशुकाट असतो, कारण आज अटीवर बोट ठेवणारा उद्या बिलासाठी त्याच टेबलासमोर उभा असणार.

अटींबाबत न्यायालये काय म्हणतात हे पाहायचे तर १९७९च्या रमणा दयाराम शेट्टी खटल्यापासून सुरुवात करावी लागते. मुंबई विमानतळावरच्या एका दुय्यम दर्जाच्या उपाहारगृहाची ती निविदा. किमान पाच वर्षांचा अनुभव असलेला नोंदणीकृत दुसऱ्या वर्गाचा हॉटेलचालक हवा, अशी अट होती. काम मिळाले कँटीन चालवणाऱ्याला. न्या. पी. एन. भगवती यांनी लिहिले की सरकारी संस्थेने स्वतःच घातलेले निकष तिला स्वतःलाही बांधतात. तत्त्व असे मिळाले आणि अर्जदाराला मात्र काहीच मिळाले नाही, कारण तो उशिरा आला होता. पुढे १९९४च्या टाटा सेल्युलर निकालाने हद्द आखली: न्यायालय निर्णयापर्यंतची वाट तपासेल, निर्णय स्वतः घेणार नाही. २०१६मध्ये नागपूर मेट्रोच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल मागे घेतले. निविदेचा मसुदा ज्याने लिहिला त्यालाच त्याचा अर्थ सर्वांत चांगला कळतो, असे म्हटले. मुंबईच्या बस चालवणाऱ्या बेस्टच्या मे २०२३च्या निकालात तेच दिसते. बेस्टला १,४०० विजेवरच्या बस हव्या होत्या. एका चार्जिंगवर २०० किलोमीटर ही अट होती. टाटा मोटर्सची निविदा या अटीत बसत नाही म्हणून बाद झाली. मुंबई उच्च न्यायालयाने ती बाद करणे ग्राह्य धरले, पण ज्याला काम मिळाले त्याचीही निवड रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने ही दुसरी बाजू फिरवली. न्यायालयांचा हा संयम मला समजतो. प्रत्येक निविदा न्यायालयात अडकली तर शहराला बस कधी मिळणार? पण त्याचा अर्थ असा की अटी लिहिणाऱ्याच्या हातावर बाहेरचे नियंत्रण फारच थोडे उरते.

संगनमताची गोष्ट पुण्याची आहे आणि ती सुरतेनेही वाचावी. २०१४-१५च्या सुमारास पुणे महापालिकेने कचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदा काढल्या. नागरिक चेतना मंच या पुण्याच्या संस्थेने स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. आयोगाने २०१८मध्ये निकाल दिला: बोली लावणाऱ्यांनी आपसांत ठरवून बोली लावल्या होत्या, एकाची बोली खरी, बाकीच्यांच्या शोभेच्या. स्पर्धा अधिनियम २००२च्या कलम ३नुसार हा फौजदारी नसला तरी भारी दंडाचा विषय आहे, आणि आधी कबुली देणाऱ्याला दंडात सवलत द्यायची तरतूदही इथे वापरली गेली. लक्षात घेण्याजोगी बाब अशी की हे सगळे ई-निविदेतच घडले. पहिल्या फेरीत किमान तीन निविदा हव्यात, हा महाराष्ट्रातला नियम स्पर्धा डोकी मोजून ठरवतो, आणि डोकी जमवता येतात. तीन लखोटे भरण्यासाठी एकाच कपाटातून तीन कंपन्यांचे शिक्के निघतात. यावर उपाय नियमाच्या पुस्तकात नाही, आकडेवारीत आहे. कोण कोणाबरोबर नेहमी हरतो, कोणत्या प्रभागात कोणीच कोणाच्या वाटेला जात नाही, दर अंदाजपत्रकाच्या किती जवळ चिकटतात, हे संगणकावर आधीच नोंदलेले असते. ते चाळणारा माणूस महापालिकेत नेमलेला नसतो.

उलट टोकाला आहेत बुडीत दराच्या निविदा. अंदाजपत्रकापेक्षा २५-३० टक्के खाली जाऊन काम घ्यायचे आणि नंतर जाडी कमी करून, सिमेंट कमी घालून किंवा काम अर्ध्यावर सोडून वसूल करायचे. फार खाली गेलेल्या बोलीवर जादा सुरक्षा ठेव घेणे हा आपल्याकडचा उपाय. इटलीतल्या पालिकांनी वेगळी वाट धरली होती: सरासरीच्या जवळची बोली विजयी. तुरीनने २००३मध्ये ती सोडून सर्वांत कमी बोलीला काम द्यायला सुरुवात केली. इटलीतल्या या बदलांचा अभ्यास झाला तेव्हा दिसले की भाव उतरले, पण कामाची कामगिरीही ढासळली. सरासरीची पद्धत तर संगनमताला आमंत्रणच देते. म्हणजे दोन्हीकडे खड्डा. गुणवत्ता आणि दर एकत्र मोजण्याची पद्धत आपल्याकडे पूर्वी सल्लागार नेमण्यापुरती होती. केंद्राने ऑक्टोबर २०२१मध्ये ती विशेष कामांनाही खुली केली आणि गुणवत्तेचे वजन ३० टक्क्यांपर्यंत मर्यादित ठेवले. मला ही पद्धत पुलांसाठी, शुद्धीकरण केंद्रांसाठी पटते. खडू, फिनेल आणि गणवेशासाठी नाही. सुरतेची नगर प्राथमिक शिक्षण समिती सात माध्यमांच्या शाळा चालवते, मराठीही त्यांत आहे. समजा लिंबायतच्या मराठी शाळेतल्या पोरांसाठी गणवेश घ्यायचे आहेत. कापडाच्या गावात गणवेशाचे कापड तपासायला गुणांकनाची समिती कशाला हवी? धाग्याचा क्रमांक आणि धुलाईनंतर आकसण्याची मर्यादा निविदेत लिहावी, आलेला गठ्ठा प्रयोगशाळेत पाठवावा आणि मग बिनधास्त सर्वांत कमी दर घ्यावा.

गाठ मोठी बांधली की भाव पडतो, हे व्यापाऱ्याला शिकवावे लागत नाही. एलईडी दिव्यांच्या बाबतीत केंद्राच्या ईईएसएल कंपनीने देशभराची मागणी एकत्र केली तेव्हा २०१४मध्ये ३१० रुपयांना पडणारा दिवा काही वर्षांत ३८ रुपयांवर आला. त्याच कंपनीच्या सीईएसएल या उपकंपनीने २०२२मध्ये पाच शहरांसाठी मिळून ५,४५० विजेच्या बसची निविदा काढली. दिल्ली, बेंगळुरू, कोलकाता, हैदराबादबरोबर सुरत त्यात होती. इथे बस विकत घ्यायची नव्हती, किलोमीटरमागे पैसे द्यायचे होते, त्यामुळे बस बिघडली तर तोटा पुरवठादाराचा. सर्व गटांत सर्वांत कमी बोली टाटा मोटर्सची आली. एकत्र खरेदीचा तोटाही सांगितला पाहिजे: ५,४५० बसची बोली लावू शकणारे देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच, आणि धाकटा कारखानदार दारातच थांबतो. २०१६मध्ये सुरू झालेल्या ‘जेम’ या सरकारी बाजारपेठेने टेबल-खुर्ची, छपाईयंत्र, कागद अशा मालात उलट बाजूने दार उघडले आहे.

दुसरे टोक लखोट्यानंतरचे. इथे सर्वांत जास्त अंधार आहे. कार्यारंभ आदेश निघाला की वर्तमानपत्रांचे लक्ष उडते. मग जादा बाबी येतात, भाववाढीचा फरक येतो. साफसफाई, सुरक्षारक्षक, बागांची देखभाल अशा सेवांमध्ये तर ठरलेलेच आहे: मुदत संपते, नवी निविदा ‘प्रक्रियेत’ असते, म्हणून जुन्याला तीन महिने वाढवून मिळतात, मग आणखी तीन. पाच-दोन-दोनचा ठराव न करता स्पर्धा टाळण्याची ही सगळ्यांत सोपी युक्ती. शिवाय खरेदीचा मोठा वाटा आता कंपन्यांकडे गेला आहे. जानेवारी २०१६च्या पहिल्या वीस स्मार्ट शहरांत सुरत होती, पुणे-सोलापूरही होते. त्यासाठी स्मार्ट सिटीच्या वेगळ्या कंपन्या निघाल्या. सुरतेच्या बस सिटीलिंक या कंपनीकडे. पैसा शहराचाच, पण निर्णय संचालक मंडळात होतात. स्थायी समितीत विरोधक असला तर त्याला निदान इतिवृत्त मिळते.

सुरतेचाच खासगी व्यापार या कागदोपत्री खरेदीच्या नेमका उलट चालतो. महिधरपुऱ्याच्या हिरेबाजारात कागदाच्या पुड्या तोंडी शब्दावर हात बदलतात आणि शब्द मोडणाऱ्याला पुन्हा कोणी माल दाखवत नाही. महापालिकेला ही सोय नाही. गेल्या वेळी वाईट काम केले एवढ्यावर ती कोणाला नाकारू शकत नाही. काळ्या यादीत टाकण्याआधी नोटीस देऊन बाजू ऐकलीच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७४मध्येच सांगितले आहे, आणि ते योग्यच आहे. म्हणूनच कामाच्या नोंदी, दोष निवारण कालावधीतल्या तक्रारी, कापलेले दंड हे सगळे कागदावर हवे. नाहीतर काळ्या यादीतला माणूस भावाच्या नावाने नवी कंपनी काढून सहा महिन्यांत परत येतो.

एवढ्या मोठ्या व्यवहाराला वेगळा कायदा नाही का? तामिळनाडूने १९९८मध्ये, कर्नाटकाने १९९९मध्ये, राजस्थानने २०१२मध्ये सार्वजनिक खरेदीचे कायदे केले. केंद्राचे विधेयक २०१२मध्ये लोकसभेत आले आणि २०१४मध्ये सभागृहाबरोबरच विरून गेले. गुजरात आणि महाराष्ट्र, देशातली सर्वांत व्यापारी म्हणवणारी दोन राज्ये, शासन निर्णय आणि परिपत्रकांवर भागवतात. फरक कुठे पडतो ते पाहा. कर्नाटकाच्या मूळ नियमांत २ कोटींपर्यंतच्या निविदेला ३० दिवस आणि त्यावरच्या निविदेला ६० दिवस द्यायचे होते. आपल्या १९४९च्या अनुसूचीतले सात दिवस अजून सातच आहेत. आणि तिथे नाकारलेल्या बोलीदाराला कायद्यानेच अपील आहे. सुरतेत आठ लाखांच्या निविदेत अन्यायाने बाद झालेल्या उधन्याच्या लहान पुरवठादाराला आधी ज्याने बाद केले त्यालाच अर्ज करावा लागतो, नाहीतर अहमदाबादला उच्च न्यायालयात जावे लागते. वकिलाची फी विचारल्यावर तो जात नाही. पुढच्या निविदेला तो बोलीच लावत नाही.